खोटा काढा

कस्तुरी साठे लंडनला आली ती एका खऱ्या काढ्याची तपासणी करायला. पण आल्यापासून ती खोटा काढा बनवत होती, आणि तो तिला काही केल्या जमत नव्हता.

आतड्याच्या कॅन्सरवर केमो घेणाऱ्या माणसांचं पोट फार बिघडतं. काहींना इतके जुलाब होतात की केमोचा डोस कमी करावा लागतो, कधी मध्येच थांबवावा लागतो. पोटाच्या अशाच तक्रारींवर चीनमध्ये एक काढा शेकडो वर्षं दिला जातो. त्यात चारच वस्तू. एक कडू पिवळं मूळ, एका फुलझाडाचं मूळ, ज्येष्ठमध आणि सुकवलेली लाल बोरं. केमोबरोबर हा काढा दिला तर पोटाला खरंच आराम पडतो, की आपण काहीतरी औषध घेतलं या समाधानानेच बरं वाटतं, हे कस्तुरीच्या युनिव्हर्सिटीतल्या टीमला शोधायचं होतं. त्यासाठी अर्ध्या पेशंटना खरा काढा द्यायचा, अर्ध्यांना खोटा. कोणाला कोणता मिळाला हे पेशंटलाही कळता कामा नये आणि देणाऱ्या नर्सलाही नाही.

गोळी असती तर प्रश्नच नव्हता. बिनऔषधाची गोळी करून वर तोच रंग चढवला की झालं. काढ्याचं तसं नाही. तो दिसतो, त्याला वास येतो, तो जिभेवर बसतो आणि गिळल्यावरही घशात रेंगाळतो. खोट्या काढ्यात हे सगळं हवं, फक्त औषध नको. पुण्यात फार्मसी शिकताना आणि पीएचडी करताना कस्तुरीने नाना गोष्टी केल्या होत्या, पण असलं सोंग कधी रचलं नव्हतं.

तिचा पहिला काढा दिसायला हुबेहूब होता आणि चवीला ग्रेव्हीचं पाणी. दुसऱ्याला जळक्या टोस्टचा वास यायचा. तिसरा चाखून एक इंग्लिश गृहस्थ म्हणाले, "हे मार्माइट आहे. मी रोज सकाळी टोस्टला लावून खातो." कडूपणासाठी तिने ग्रेपफ्रूटची साल सुचवली, तेव्हा टीममधल्या फार्मासिस्टने कपाळाला हात लावला, कारण ग्रेपफ्रूट निम्म्या औषधांशी भांडतं. ट्रायलची बाकी सगळी तयारी झाली होती. परवानग्या मिळाल्या होत्या, हॉस्पिटलं ठरली होती, आणि सगळं अडलं होतं कस्तुरीच्या पातेल्यापाशी.

टीमच्या प्रमुख डॉ. फान रागवत नसत. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, मँचेस्टरमध्ये वाढलेल्या या बाई बोलायच्या कमी. एकदा कस्तुरीने त्यांना विचारलं, तुमचा स्वतःचा विश्वास आहे का या काढ्यावर?

"माझी आई म्हणते, हा काढा घेतला की सगळं बरं होतं," डॉ. फान म्हणाल्या. "माझा नवरा कॅन्सरचा डॉक्टर आहे. तो म्हणतो, हे गरम पाणी आहे. गेली वीस वर्षं ख्रिसमसच्या जेवणाला मी या दोघांच्या मध्ये बसते. मला खरं काय ते कळलं पाहिजे."

कस्तुरी राहत होती एजवेअरला, नवगावकरांच्या घरी वरच्या खोलीत. ज्युलिएट आणि योएल नवगावकर हे बेने इस्राएली जोडपं भायखळ्याहून लग्नानंतर लगेच इथे आलेलं, त्याला पन्नास वर्षं होत आली होती. कस्तुरी खोली बघायला आली तेव्हा दाराच्या चौकटीवर तिरका ठोकलेला मेझुझा, ज्यू घरांवर असते ती प्रार्थनेची डबी, बघून तिने इंग्रजीत सुरुवात केली. ज्युलिएट आंटींनी तिचं आडनाव ऐकलं आणि विचारलं, "पुण्याची का गं? मग मराठीत बोल की. माझ्या पोरांनी तोंडातून मराठी काढायचं सोडलंय." खोलीचं भाडं, गरम पाणी, बसचा नंबर, हे सगळं मग मराठीतच ठरलं.

आंटी सत्तरी ओलांडलेल्या, गोऱ्या, ठुसक्या, आणि एके काळी त्यांच्या हाताची ख्याती पार हाउन्सलोपर्यंत होती. त्यांच्या समाजात कुठेही चार घरची माणसं जमली की नारळाच्या रसातली मच्छी, वालाचं बिरडं आणि चिकाचा हलवा आंटींकडून यायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. केमो झाली, लाइट, म्हणजे रेडिएशन, घेऊन झाली, गाठ गेली. पण गाठीबरोबर तोंडाची चवही गेली. गोड, खारट, आंबट, कडू, काहीच लागेना. डॉक्टर म्हणाले, बहुतेक येईल. काहींची वर्षात येते, काहींची उशिरा, काहींची पूर्ण येत नाही. वास मात्र येत होता, त्यामुळे त्या अंदाजाने फोडणी घालायच्या, सवयीने मीठ टाकायच्या आणि योएल अंकलना विचारायच्या, "कसं झालंय?"

"चांगलं झालंय," अंकल म्हणायचे. रोज तेवढंच. अंकल रेल्वेत सिग्नलचे इंजिनिअर होते, आणि जास्त शब्दांवर त्यांचा विश्वास नव्हता.

लोकांसाठी रांधणं आंटींनी बंद केलं होतं. कोणी आग्रह केला तर म्हणायच्या, "आंधळ्याकडून साडीचा रंग निवडून घेता का रे?" आणि विषय बदलायच्या.

चौथा काढा फसला त्या दिवशी कस्तुरी थर्मासमधून तो घरी घेऊन आली आणि ओट्यावर ठेवून खुर्चीत बसून राहिली.

"काय आहे ते?" आंटींनी विचारलं.

"माझं अपयश."

"मग कपात ओत. मला काय, सगळं सारखंच."

"आंटी, हे कडू आहे हं. भयंकर. नखं खाणाऱ्या मुलांच्या बोटांना जे लावतात ना, त्याचा एक थेंब आहे यात."

"जनावराचं काही नाही ना? आमच्या धर्मात कसलंही चालत नाही."

"नाही. भाजलेलं जव, करपवलेली साखर, पाणी. सगळं खाण्यातलंच. खरा काढा मी लॅबच्या बाहेर आणूच शकत नाही, हा खोटा आहे."

आंटींनी कप तोंडाला लावला आणि चहा प्यावा तसा शांतपणे संपवला.

"पाणी," आंटी म्हणाल्या. "गरम पाणी. आणि खऱ्यात काय असतं?"

कस्तुरीने चारही वस्तू सांगितल्या.

"ज्येष्ठमध आणि बोरं? मग यात चिनी काय आहे? माझी आई खोकल्याला देत होती." आंटींनी रिकामा कप विसळला. "एक विचारू? मला हा मिळाला असता तर ती लाइट घ्यावी लागली नसती का गं?"

कस्तुरीने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "नाही आंटी. तुमची गाठ लाइटनेच गेली, आणि तीच घ्यायला हवी होती. हा काढा गाठीसाठी नाहीच. केमोने पोटाची जी दैना होते ती कमी होते का, एवढंच बघायचंय आम्हाला. तेसुद्धा अजून माहीत नाही."

"माझं झालं होतं पोटाचं," आंटी म्हणाल्या. "योएलला सांगितलं नाही मी सगळं. बाथरूममध्ये टाइल मोजत बसायची. तेव्हा कोणी विष दिलं असतं तरी प्यायले असते. तुमच्या त्या फान बाईंना कोणी सांगितलं का हे, आतून कसं वाटतं ते?"

प्रश्न योग्य होता. इथल्या प्रत्येक ट्रायलमध्ये, ज्यांनी आजार भोगलाय अशा काही लोकांना सल्लागार म्हणून घेतात. दुसऱ्या दिवशी कस्तुरीने डॉ. फानना आंटींविषयी सांगितलं, आणि पुढच्या मीटिंगला ज्युलिएट नवगावकर जांभळा कोट घालून, लिपस्टिक लावून हजर झाल्या. योएल अंकल त्यांना ट्रेनने घेऊन आले आणि खाली कॅफेत पेपर वाचत बसले. आंटींनी मीटिंगमध्ये पहिल्याच झटक्यात सांगितलं की केमोच्या दिवसांत कोणी एवढा मोठा ग्लास पिऊ शकत नाही. घोटाघोटाने प्यायला द्या, आणि गार द्या, गरम वासाने मळमळतं. डॉ. फान भराभर लिहून घेत होत्या.

मीटिंगनंतर शेजारच्या खोलीत चवीची चाचणी होती. दहाबारा माणसं पांढऱ्या टेबलांवर बसली होती, प्रत्येकापुढे तीन छोटे कप. दोन कपांत एक काढा, तिसऱ्यात दुसरा. एक घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा, आणि वेगळा कप कोणता ते सांगायचं. कोणालाच फरक कळला नाही तर लोक नुसते अंदाज बांधतील आणि तीनातला एकच बरोबर येईल. तसं झालं तर कस्तुरी सुटली.

"मी बसू का?" आंटींनी विचारलं. "मला तर काहीच कळणार नाही. तुझा आकडा सुधारेल."

"तसं चालत नाही आंटी," कस्तुरी हसली. "तुमचं उत्तर मोजणार नाही. पण डॉक्टर हो म्हणाल्या तर बसा."

डॉ. फाननी आंटींना औषधं वगैरे विचारून घेतली आणि हो म्हटलं. चाचणी झाली. पाचवा काढा बऱ्यापैकी जमला होता. निम्म्याहून जास्त लोक चुकले, तरी अजून पुरेसे चुकले नव्हते. कस्तुरीने सगळ्यांची उत्तरं तपासली आणि शेवटी गंमत म्हणून आंटींची बघितली. आंटींचं बरोबर होतं.

तिने कप बदलून पुन्हा दिले. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा डॉ. फाननी स्वतः पाठ फिरवून कप लावले. आंटींनी एकामागून एक तिन्ही तोंडात घोळवले आणि मधला पुढे सरकवला. पुन्हा बरोबर.

"तुम्हाला चव लागली?" कस्तुरीने विचारलं. तिचा आवाज जरा वर गेला होता.

"छे. काही नाही. पाणी, पाणी, पाणी."

"मग ओळखता कसं?"

आंटींनाच नवल वाटत होतं. त्यांनी जीभ टाळूला घासून बघितली. "हे दोन घेतले की जीभ खरखरीत होते. कच्चं केळं खाल्लं की होते ना, तशी. हा गुळगुळीत आहे, तोंडातून नुसता निघून जातो. एवढंच."

कस्तुरी खालीच बसली, दोन टेबलांच्या मध्ये, जमिनीवर. "तुरट," ती मराठीत म्हणाली. "अगं बाई, तुरट."

डॉ. फानना कळेना. कस्तुरीने इंग्रजीत समजावलं. तुरटपणाला आपण चव म्हणतो, पण खरं तर तो स्पर्श आहे. तोंडातली लाळ आळते आणि जिभेला खडबडीत लागतं. आंटींची चव गेलीय, स्पर्श शाबूत आहे. बाकीच्या लोकांच्या तोंडात कडूपणाचा एवढा गोंगाट होता की त्यामागचा हा बारीक आवाज त्यांना नीट ऐकूच आला नाही. नुसतं काहीतरी वेगळं वाटलं. आंटींच्या तोंडात शांतता होती.

"आमच्याकडे शाळेत सहा चवी शिकवतात, तुरट धरून," कस्तुरी म्हणाली. "आणि मीच विसरले."

"आमच्याकडे पाच," डॉ. फान म्हणाल्या. "तुरट म्हणजे आंबटाच्या घरातला भाडेकरू." हा त्यांचा त्या वर्षातला पहिला विनोद असावा, कारण खोलीतले सगळे आधी दचकले आणि मग हसले.

घरी जाताना ट्रेनमध्ये आंटी खिडकीत बघून मधूनच हसत होत्या. योएल अंकलनी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझ्या बिघडलेल्या जिभेचा कोणाला तरी उपयोग झाला रे."

आता तुरटपणा आणायचा कशाने, हा प्रश्न होता. हिरडा नको, डाळिंबाची साल नको, दोन्ही पोटावर काम करतात. उत्तर शेवटी आंटींच्या ओट्यावरच होतं. अंकलना चहा असा लागायचा की पातेल्यात चमचा उभा राहावा. कस्तुरीने एका सकाळी चुकून तो गार झालेला चहा बिनदुधाचा प्यायला आणि तिची जीभ टाळूला चिकटली. कॅफिन काढून टाकलेल्या चहाची पत्ती खूप वेळ उकळून तिचा अगदी थोडा अर्क खोट्या काढ्यात घालून बघायचं तिने ठरवलं. फार्मासिस्टने दोन दिवस विचार केला आणि एवढ्याशा चहाने पोटाला काही होत नाही असं सांगितलं.

मग किती अर्क घालायचा याची शोधाशोध सुरू झाली. अंतिम मोजमाप लॅबमध्येच व्हायचं, पण अंदाज घ्यायला कस्तुरी घरी संध्याकाळी छोट्या छोट्या कपांत वेगवेगळं मिश्रण करायची आणि आंटींपुढे ठेवायची. आंटी घोळवायच्या आणि सांगायच्या. "हे कच्चं केळं नाही, हा कच्चा काजू आहे, कमी कर." "हे गुळगुळीत." "हे जवळ आलं." अंकल पेपरमागून सगळं ऐकत असत.

एका रविवारी दुपारी बाहेर छान ऊन पडलं होतं. त्यांची नात टालिया पिनरहून जेवायला आली होती. ती तिथल्या प्रायमरी स्कूलमध्ये शिकवायची, आणि आजीशी हट्टाने मराठीत बोलायची, पुल्लिंग-स्त्रीलिंगाची फिकीर न करता. कस्तुरीने नेहमीसारखा कप दिला. आंटींनी घोट घेतला, घोळवला, आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"शी," त्या म्हणाल्या.

"काय झालं? चहा जास्त झाला?"

"नाही. कडू आहे."

अंकलनी पेपर खाली ठेवला.

"आजी, तुला कडू लागली?" टालियाने विचारलं.

"लागली काय, लागलं," आंटींनी तशातही सुधारलं. मग कप हातात तसाच धरून म्हणाल्या, "थांबा. मला उगाच वाटत असेल. रोज ही मुलगी कडू कडू म्हणते, डोक्यात बसलं असेल."

हीच तर कस्तुरीची विद्या होती. ती उठली. "अंकल, तुम्ही मांडा. मी बघणार नाही, टालियाही बघणार नाही." चार कप काढले. अंकलनी त्या तिघींकडे पाठ करून, सिग्नल बसवावेत इतक्या काळजीने, काहींत कडू थेंबाशिवायचा काढा ओतला आणि काहींत कडू थेंब घातलेला. आंटींनी डोळे मिटून एकेक घोट घेतला. "पाणी. कडू. पाणी. कडू, ई." अंकलनी मान हलवली. बरोबर. पुन्हा मांडले, पुन्हा बरोबर. तिसऱ्या वेळी अंकलनी चारही कपांत बिनकडूचाच काढा ओतला होता, आणि आंटी म्हणाल्या, "योएल, तू लबाड आहेस."

अंकलनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तो पुरेसा स्वच्छ झाल्यावरही ते पुसत राहिले.

मग आंटींनी स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं. मेथीदाणे चावले, कडू. कॉफीची पूड जिभेवर ठेवली, कडू. टालिया धावत जाऊन कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानातून कारली घेऊन आली, आणि एक बाई कच्च्या कारल्याची चकती चघळत आनंदाने हसत असल्याचं दृश्य एजवेअरच्या त्या स्वयंपाकघरात दिसलं. साखर लागली नाही. लिंबू अगदी किंचित, असल्यासारखं वाटलं. शेवटी आंटींनी सकाळी केलेल्या बिरड्याचं झाकण काढलं आणि चमचाभर तोंडात घातलं. त्या सावकाश चावत राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या.

"योएल. हे खारट आहे."

अंकल ग्लासात पाणी ओतायला लागले.

"हे खूप खारट आहे. किती दिवस असं आहे?"

"बरेच," अंकल म्हणाले.

"बरेच म्हणजे?"

"लाइट संपल्यापासून."

"आणि तू रोज चांगलं झालंय म्हणत होतास?"

"चांगलंच होतं," अंकल म्हणाले. "तू उठून रांधत होतीस. मला त्याहून जास्त काय हवं होतं?"

टालियाने तोंड फिरवून डोळे टिपले. आंटींनी बिरड्यात पाणी आणि नारळाचं दूध ओतलं, चमचा जिभेला लावला, अजून थोडं ओतलं, पुन्हा लावला. दुपारचं जेवण संध्याकाळी पाचला झालं, आणि सगळ्यांनी तीनतीनदा वाढून घेतलं.

हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, चव परतायची वेळच होती, काढ्याचा काही संबंध नसणार. कस्तुरीने आंटींना तेच सांगितलं, स्पष्टपणे. "यात औषध नाहीच आंटी. हा खोटा आहे, मी स्वतः केलाय."

"मला माहीत आहे," आंटी म्हणाल्या. "पण चव आली तेव्हा माझ्या तोंडात तोच होता, तर मी आभार तुझेच मानणार. त्याला तुझं सायन्स काय करणार?"

पुढच्या चाचणीत सहावा काढा पास झाला. लोक नुसते अंदाज बांधत होते. एक जण तर चिडून म्हणाला की तुम्ही तिन्ही कपांत एकच भरलंय. डॉ. फाननी आकडे दोनदा तपासले आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. पण मी अजून एका व्यक्तीला विचारणार आहे."

ती व्यक्ती म्हणजे त्यांची आई. मिसेस फान ऐंशीच्या पुढच्या, चणीने एवढ्याशा. साठ वर्षं त्या हाच काढा स्वतः उकळून प्यायल्या होत्या, मुलांना, शेजाऱ्यांना, एकदा पोस्टमनलाही पाजला होता. लेकीला भेटायला मँचेस्टरहून आल्या होत्या, तशाच लॅबमध्ये आल्या. त्यांच्यापुढे दोनच कप ठेवले, एक खरा आणि एक खोटा. त्यांनी पहिला हुंगला, घोट घेतला, कपाळाला आठ्या पडल्या. दुसरा हुंगला, घोट घेतला, तेवढ्याच आठ्या पडल्या. मग त्या चिनीत बराच वेळ बोलल्या.

"काय म्हणतायत?" कस्तुरीने विचारलं.

डॉ. फानचा चेहरा विचित्र झाला होता. हसू दाबताना माणसाचा होतो तसा. "आई म्हणते, दोन्ही नीट उकळलेले नाहीत. आजकालच्या लोकांना धीर नाही. पण हा डावीकडचा त्यातल्या त्यात खरा आहे. दुसरा कोणा आळशी माणसाने केलाय."

डावीकडचा कस्तुरीचा होता.

डॉ. फान टेबलाला धरून हसल्या, इतक्या की बाहेरून दोघं जण काय झालं ते बघायला आले. म्हाताऱ्या बाईंना खरं सांगितल्यावर त्या अजिबात वरमल्या नाहीत. त्यांनी कस्तुरीला जवळ बोलावलं, तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले आणि इंग्रजीत म्हणाल्या, "गुड कुक."

महिनाभराने नवगावकरांच्या घरी मलिद्याचा विधी झाला. आंटींनी आजारपणात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस केला होता तो फेडायचा होता. गाठ गेली तेव्हाच फेडायला हवा होता असं अंकलचं मत, पण आंटी म्हणाल्या होत्या, चवीशिवाय कसला मलिदा. आता समाजातली पंचवीसेक माणसं समोरच्या खोलीत दाटीवाटीने बसली होती. मोठ्या तबकात भिजवलेल्या पोह्यांत खोबरं, साखर, वेलची, वर सुकामेवा, भोवती केळी, सफरचंदं, खजूर, द्राक्षं आणि गुलाबाच्या पाकळ्या. अंकलनी हिब्रूत प्रार्थना म्हटली आणि मग सगळ्यांनी गाणं धरलं. तरुण मुलांना शब्दांचा अर्थ येत नव्हता, पण चाल पाठ होती. सोफ्यावर मध्यभागी डॉ. फान, त्यांचा डॉक्टर नवरा आणि मिसेस फान बसल्या होत्या. मिसेस फान दुसऱ्या कडव्यापासून टाळ्या वाजवायला लागल्या.

आंटींनी पहिला घास घेतला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. कस्तुरीने हळूच विचारलं, "गोड?"

"गोड नाही अजून." आंटींनी अजून थोडं चावलं. "वेलची आहे. खोबऱ्याचा तेलकटपणा आहे. द्राक्ष आंबट आहे, चक्क आंबट. गोड येईल गं. त्याला रस्ता लांब पडला असेल. आता मला घाई नाही."

डॉ. फानच्या नवऱ्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि बायकोला विचारलं की ट्रायल कधी सुरू होणार. "सोमवारी पहिला पेशंट," त्या म्हणाल्या. "त्याला कोणती बाटली मिळणार ते मला माहीत नाही. कस्तुरीलाही नाही."

"आणि उत्तर काय येईल?"

"तेही माहीत नाही," डॉ. फान म्हणाल्या आणि आईकडे बघून हसल्या. "पण दोन वर्षांनी ख्रिसमसला सांगेन."

सोमवार आला आणि गेला. पहिल्या पेशंटने बाटली घेतली, घोटाघोटाने, गार करून. त्याने तोंड वाकडं केलं असं नर्सने कळवलं, आणि कस्तुरीने ते ऐकून लॅबमध्ये एकटीनेच हात वर करून गिरकी घेतली. काढा कुठलाही असो, तोंड वाकडं व्हायलाच हवं होतं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघरातून दोन बायकांचे आवाज येत होते. आंटींनी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला होता, आणि त्यात मिसेस फान दिसत होत्या, मँचेस्टरच्या त्यांच्या स्वयंपाकघरात, एका वाफाळत्या भांड्यामागे. दोघींचं इंग्रजी दोन वेगळ्या रस्त्यांनी जात होतं आणि कुठेच भेटत नव्हतं. मिसेस फान एक वाळलेलं मूळ कॅमेऱ्यापुढे नाचवत काहीतरी विचारत होत्या, आंटी त्यांना उत्तर म्हणून आमसूल दाखवत होत्या. कस्तुरी दारातच थांबली.

"ये, ये," आंटींनी मागे न बघता हाक मारली. "ही म्हणते हे मच्छीत घाल. काय आहे ते हिला चिनीतून विचारून घे बघू तुझ्या त्या फान बाईंकडून. आणि आधी बस, गरम गरम खा."